टॉनिक गेटवर, गोळी आत

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज झोपताना जी गोळी देता, ती कुणी लिहून दिली होती?

सुरेशला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "लिवून कोन देते मॅडम? मेडिकलवाल्यानं देल्ली."

मोहर्लीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, डॉक्टर नाही. सुरेश इथल्या वाघांच्या जंगलात सफारीची जिप्सी चालवतो. त्याच्या वडिलांना, श्यामरावभाऊंना, अल्झायमर आहे. निदान नागपूरला झालं. उन्हाळा लागला तसे भाऊ पहाटे उठून मोहफुलं वेचायला जंगलाकडे निघू लागले. मोह कसा वेचायचा हे ते विसरले नव्हते. तिथे वाघ असतो, हे विसरले होते.

त्यांनी घरात झोपून राहावं म्हणून सुरेश त्यांना खाजेची गोळी देऊ लागला. जुन्या पद्धतीची, झोप आणणारी. काही दिवसांत भाऊ दिवसाही बरळू लागले. बायकोला विचारू लागले, "तू कोनाच्या घरची व?" मग सुरेशनं ब्रेन टॉनिक आणलं. बाटलीवर मेंदू होता आणि त्यातून किरणं निघत होती.

"टॉनिक डबल करू का, मॅडम?"

"तुमच्या सफारीच्या गेटवर गाडी आत कशी सोडतात?"

"परमिट पायतात. नसलं तं वापस."

"मेंदूलाही असं गेट आहे. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की रक्तातलं सगळं आत जात नाही. मेंदूतला कचरा बाहेर काढायचं कामही तिथूनच चालतं. अल्झायमरमध्ये हे गेटच ढिलं पडतं. नको ते आत झिरपतं, कचरा आत साचतो."

"मंग टॉनिक?"

"त्यातलं काही आत पोचतं, याचा पुरावा मला कुणी दाखवलेला नाही. खाजेची गोळी मात्र धडधाकट माणसाच्याही मेंदूत सहज शिरते. आठवण ठेवायला लागणारं रसायन अडवते. भाऊंकडे ते आधीच कमी आहे."

सुरेश म्हणाला, "म्हंजे म्याच वाघ आत सोडला."

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"ती गोळी कुणी दिली?"

"दुकानानं, सर. चिठ्ठीशिवाय."

"आजच बंद. लघवी अडलीय का, ताप आहे का, तपास; त्यानंही बरळणं वाढतं. उद्या इकडे पाठव."

"आणि टॉनिक?"

"त्यानं काय होतंय?"

"काही नाही."

"तेच कागदावर लिही."

पहाटेचा प्रश्न उरला होता. तो भाऊंच्या पत्नीनं, पार्वताबाईंनी, सोडवला. "याइले मोहच येचाचा हाय ना? मंग आंगनात टाका ना बाप्पा." रोज संध्याकाळी त्या अंगणात मोहफुलं पसरू लागल्या. फाटकाला कडी. पहाटे भाऊ तीच फुलं वेचायचे.

आठवडाभरानं मी गेले, तेव्हा भाऊ ओरडत होते, "पार्वता, टोपली आन व! काऊन बसून राह्यली?"

पार्वताबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता पाय, शिव्याबी देऊन राह्यला." त्या खूश होत्या.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही. फक्त आम्ही घातलेली भर गेली. ते मेडिकल अजून चिठ्ठी मागत नाही. मी लेखी तक्रार केली आहे, पुन्हा करीन.

तुम्ही एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या, सिरप, टॉनिक एका पिशवीत भरा. मनानं काही बंद करू नका. पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा आणि विचारा: यातलं मेंदूत काय जातं? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.