भानूनर्सच्या चाकातलं कडं

भानूनर्सला मी पहिल्यांदा पाहिलं ते माकुणसारच्या उतारावर, आणि पाहिल्याबरोबर रस्ता सोडून शेजारच्या खाचरात उतरले. पांढरी साडी वर खोचलेली एक सडपातळ बाई उंच काळ्या सायकलवरून थेट माझ्यावर येत होती आणि तिच्या हँडलला ब्रेकच नव्हते. हातभर अंतरावर आल्यावर तिने पायडल उलटं दाबलं. सायकल जागच्या जागी उभी राहिली.

"हिचा ब्रेक पायात हाय," ती शांतपणे म्हणाली. "वर या. शाळेवर नवीन बाई आल्यात त्या तुमीच ना?"

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी सिन्नरकडून बदली होऊन आले होते आणि भानूनर्सच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली होती. ती सातपाटीच्या मच्छीमार घरातली. लहानपणी होडीच्या दोरात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली होती. त्या हाताने ती नाळ कापायची, सुई टोचायची, भात कालवून खायची. पण सायकलच्या ब्रेकची दांडी आवळायला लागणारा जोर त्यात नव्हता. तारापूरच्या वसाहतीतून मायदेशी परतलेल्या एका परदेशी इंजिनिअरची ही सायकल तिच्या भावाने मिळवली होती. तिच्यामुळेच भानूनर्सला खालच्या वाड्यांपासून डोंगराजवळच्या पाड्यांपर्यंत एकटीने फिरता यायचं. कुणी हाताकडे पाहिलं की ती तो मुद्दाम पुढे करायची. "नीट बघून घ्या. मंग कामाचं बोलू."

एका वर्षी पावसाळा सरल्यावर त्याच उतारावर सायकल थांबली नाही. भानूनर्सने पायडल उलटं मारलं, तर ते नुसतंच मागे फिरलं. समोरून बैलगाडी येत होती. तिने हँडल वळवलं आणि पेंढ्याच्या गंजीत घुसली. लागलं फारसं नाही. केसांतला पेंढा काढत ती घरी आली आणि आधी तिने सायकल उलटी करून मागच्या चाकाकडे पाहिलं.

वरच्या साहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी तिला पालघरला बसून करायचं काम देऊ केलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण डोंगराखालच्या पाड्यावर यमुनी नावाची एक वारली बाई गरोदर होती. तिची आधीची दोन मुलं जगली नव्हती. या वेळी मी येईन, असं भानूनर्सने तिला सांगितलं होतं. म्हणून तिने पालघरचं काम नाकारलं आणि सायकलीवाचून रोज चालत जाऊ लागली; पण सगळे पाडे चालून होईनात. मग एका रविवारी चाक काढून घेऊन आम्ही दोघी एसटीने पालघरला गेलो.

दामूकाकांचं सायकलचं दुकान स्टेशनच्या बाजूला होतं. माणूस कसबी आणि सरळ. त्यांनी गोणपाट अंथरून चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, उघडला. आतून छर्रे, पितळी पट्ट्या, शंकूच्या आकाराचा एक पोलादी तुकडा आणि तारेचं एक मोडकं कडं निघालं. काकांनी कडं उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, असलं काही आपण बघितलेलं नाही; नावच ठाऊक नाही तर मुंबईहून मागवायचं काय? आपल्याकडचा साधा हब या चाकाला बसणार नाही आणि बसवला तरी ब्रेक हातानेच लावावा लागेल. सायकल विकून टाका, असा त्यांनी सल्ला दिला.

भानूनर्स गोणपाटावर मांडी घालून बसली. "नाव ऱ्हाऊ दे, काका. ते काम काय करतंय ते बघू."

ज्या क्रमाने तुकडे निघाले होते त्याच क्रमाने तिने ते मांडले. काकांनी आटे दाखवले: पायडल मागे फिरलं की शंकू या आट्यांवरून आत सरकायला हवा, तो सरकला की पितळी पट्ट्या फाकतात आणि चाक धरतात. पण काकांनी फिरवून पाहिलं तर शंकू सरकेना, जागीच गोल फिरत राहिला. दोघांनी बराच वेळ डोकं लावलं. मग भानूनर्सने मोडकं कडं बसायचं त्या खाचेवर आपला अंगठा अलगद टेकवला आणि काकांना पुन्हा फिरवायला सांगितलं. शंकू हळूच आत सरकला.

"धरायचं काम हाय त्याचं," ती म्हणाली. "आवळायचं नाय. नुसतं धरायचं."

काका हसले. एवढं कळलं तर बनवता येईल, असं म्हणत त्यांनी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा वळणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराचं ठिकाण सांगितलं. तो उत्तरेकडचा तरुण, नाव रामसजीवन. त्याने आधी कड्याचं ड्रॉइंग मागितलं. भानूनर्सने त्याच्यासमोर शंकू ठेवला, त्यावर अंगठा टेकवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "भैया, इतनाच पकडनेका." तो क्षणभर अंगठ्याकडे पाहत राहिला, मग उठून तार घेऊन आला.

पहिलं कडं फार घट्ट झालं, चाक सुटेचना. दुसरं त्याने जरा मोठं वळलं. तेही जरा घट्टच बसलं, तेव्हा कानशीने घासून बेताचं केलं. दामूकाकांनी हब जोडून दिला. गावी परतल्यावर, उतारावर मी आधी जाते, असं मी म्हटलं, तर भानूनर्सने मला बाजूला केलं. सायकल तिची होती आणि पडायचं तर तिनेच पडायचं होतं. ती वरून सुटली. उताराच्या तळाशी तिने पायडल उलटं दाबलं आणि धुळीत एक लांब रेघ ओढत सायकल थांबली.

यमुनीचा निरोप पुढच्याच आठवड्यात भरदुपारी आला. मूल पायाळू होतं. भानूनर्स पोचली तेव्हा सुइणीने आशा सोडली होती. सांजेला ती परतली ती साडीवर डाग घेऊन आणि घंटी वाजवत. मुलगी झाली होती आणि चांगली मोठ्याने रडत होती.

पुढे बरीच वर्षं ती त्याच सायकलवर फिरली. नव्वदच्या दशकात तिची निवृत्ती झाली आणि सुषमा नावाची तरुण नर्स आली. शेवटच्या आठवड्यात भानूनर्स तिला घरोघर ओळख करून देत होती. सुट्टी होती म्हणून एके दिवशी मीही गेले. एका झोपडीत पहिलटकरीण कळा देत होती. भानूनर्स बाहेरच कुडाच्या भिंतीशी थांबली आणि तिने सुषमाला पुढे केलं.

आतून हाक आली, "भानूबाय! आत ये ना!"

भानूनर्सने पाऊल उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. "सुषमाबाई आल्यात," तिने बाहेरूनच सांगितलं. "त्या सांगतील तसं कर."

हाक आणखी एकदा आली, मग थांबली. आत सुषमाचा आवाज ऐकू येऊ लागला, आधी बिचकत, मग ठाम. भानूनर्स कुडाचा बांबू धरून उभी होती. मूल रडल्याचा आवाज आला तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "चला बाई, आपलं हितं काय काम नाय आता."