इकाम्यावरचा आचारी

कुवेतहून कायमचा परत येताना वजनाच्या भीतीने मी निम्मं सामान तिथेच वाटून टाकलं. किस्से तेवढे घेऊन आलो. त्यांना वजन नसतं आणि कस्टमवालाही उघडून बघत नाही. पण घरात सामान जसं नकळत वाढतं तसे तेही वाढत गेले. आता बायको म्हणते, "एक तर ते सांगून संपवा, नाहीतर माळ्यावर टाका!"

तर सांगून बघतो.

आखाती युद्ध संपून बांधकामं जोरात सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. फरवानियातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी पर्सोनेल क्लार्क होतो. कोणाला किती रजा, कोणाला तिकीट, आजारपणाचा पगार किती, नोकरी सोडताना इंडेम्निटी किती, सगळे नियम माझ्या कपाटात. राहायला सगळे खैतान भागातल्या कंपनीच्या इमारतीत, फॅमिली गावाकडे. त्यामुळे नियम कपाटात आणि माणसं मेसमध्ये, अशी विभागणी होती.

*

पुण्याहून गोखले नावाचे अकाउंटंट आले. पहिला पगार झाला आणि ते पगाराची स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी उभे.

"चूक झालीय. वरची रक्कम आणि खालची रक्कम एकच आहे."

"इथे इन्कम टॅक्स नाही, गोखले."

"नाही म्हणजे? मग काहीच कापत नाहीत?"

"काहीच नाही."

गोखले खुर्चीत बसले. बराच वेळ स्लिपकडे बघून खिन्न आवाजात म्हणाले, "मग महिनाभर माणसाने बोलायचं तरी कशाबद्दल?"

*

तो प्रश्न फार दिवस टिकला नाही. बोलायला इकामा होता.

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. त्याचा शिक्का पासपोर्टात असतो आणि त्यावर तुमचा व्यवसाय लिहिलेला असतो. सरकार कंपनीला ठरावीक व्यवसायांचे ठरावीक व्हिसा द्यायचं. माणूस येईपर्यंत त्याच्या व्यवसायाचा व्हिसा संपलेला असे. मग जो शिल्लक असेल तो. त्यामुळे आमच्या कंपनीत माणसाचं काम एक आणि इकामा दुसराच, ही वहिवाट होती. हे सगळं जुळवायचा आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस, अबू समीर. मूळचा इजिप्तचा. हिंदी त्याने मेसमध्ये जेवता जेवता उचललेली.

गोखल्यांच्या वाट्याला 'प्लंबर' आलं.

"मी बी.कॉम. आहे!" गोखले म्हणाले.

"मुश्किल नही, सदीक, मेरे दोस्त," अबू समीर म्हणाला. "बीकॉम प्लंबर अच्छा प्लंबर."

ही बातमी इमारतीच्या वॉचमनपर्यंत गेली. त्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर नळ गळायला लागला आणि वॉचमनने सरळ गोखल्यांचं दार वाजवलं. नाही म्हणावं तर खोट्या इकाम्याचा बोभाटा! गोखले पाना घेऊन गेले आणि तासाभराने नखशिखान्त भिजून परत आले.

मी विचारलं, "थांबलं का पाणी?"

"थांबलं," गोखले म्हणाले. "सगळ्या इमारतीचं."

*

रमजानात कायद्याने कामाचे तास कमी. गोखल्यांना हा नियम फार आवडला. पण दिवसा चारचौघांत खायचं नाही हेही कळलं. मग ते फाइलरूममध्ये दार लावून डबा खायचे आणि बाहेर राखणीला बसायचे आमचे ड्रायव्हर इस्माईलभाई. रत्नागिरीकडचे, स्वतः कडक रोजे ठेवणारे.

चार दिवसांनी गोखल्यांना लाज वाटली. उपाशी माणसाला दाराशी बसवून आपण पोहे खायचे! त्यांनी डबा आणणंच बंद केलं. इस्माईलभाईंना सांगितलं, "तुमच्याबरोबर मीही."

इस्माईलभाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांचा डबा फाइलरूममध्ये नेऊन ठेवला.

"खा ओ साहेब, मेहेरबानी करा. तुमच्या पोटातला आवाज ऐकून माझं नमाजात लक्ष लागत नाही!"

*

आता दाजी.

दाजी सुतार कणकवलीकडचा. कंपनीची दारं, खिडक्या, कपाटं सगळी त्याच्या हातची. कानावर पेन्सिल कायमची. आंघोळीला जातानाही तो ती काढत असेल की नाही, शंका आहे. तो आला तेव्हा सुताराचे व्हिसा संपले होते. इकाम्यावर लागलं 'तब्बाख', म्हणजे आचारी. दाजीला चहासुद्धा येत नव्हता. एकदा त्याने केला होता. त्यानंतर मेसमध्ये ठराव झाला की दाजीने गॅसजवळ जायचं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात दाजीच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याने रजेचा आणि तिकिटाचा अर्ज केला. करारात लिहिलं होतं, 'घरापर्यंत तिकीट.' कंपनी मुंबईपर्यंतचं द्यायची. दाजीने पुढच्या एस.टी.चे पैसेही मागितले.

अबू समीर वैतागला. "सब आदमी बॉम्बे जाता. तुम क्यूँ नही?"

दाजी शांतपणे मला म्हणाला, "तेका सांगा, विमान मुंबयत उतरता. पण माझी बायल मुंबयत ऱ्हवणा नाय!"

मी भाषांतर केलं. अबू समीर हसून हसून खोकला. एस.टी. मंजूर झाली. त्याने मला मार्ग लिहायला सांगितला तो असा: कुवेत, मुंबई, बायको.

*

दाजी रजेवर निघायच्या आधीच एका सकाळी अबू समीर धापा टाकत आला. कामगार खात्याचे लोक शेजारच्या कंपनीत तपासणी करत होते. इकाम्याप्रमाणे काम नाही अशी माणसं ते वेगळी काढत होते. तिथून त्यांची पाठवणी सरळ मायदेशी आणि परत येणं बंद!

"बरा आसा," दाजी म्हणाला. "लग्नाक तरी वेळेत पोचान."

"आणि लग्नानंतर?" मी विचारलं. "धाकटीचं?"

दाजीची धाकटी अजून शाळेत होती.

मेसमध्ये मासळी रांधायचं काम इस्माईलभाईंचंच, त्यांनी सूत्रं हातात घेतली. दाजीला मेसवर नेऊन सुरमईचं कालवण त्यांनी स्वतः रटरटत ठेवलं, अंगावरचा एप्रन काढून दाजीला बांधला आणि त्याच्या हातात पळी दिली.

"कोणी काही विचारलं तर 'अना तब्बाख'. मी आचारी आहे. बाकी तोंड उघडायचं नाही. समजलं?"

"अना तब्बाख," दाजी म्हणाला.

इन्स्पेक्टर तरुण होता, पांढरीशुभ्र पायघोळ दिश्दाशा घातलेला. कंपनीतले दोन-चार जण तपासून तो आम्हाला घेऊन खैतानच्या मेसमध्ये आला आणि जेवणाच्या बाकावर बसला. त्याने दाजीला विचारलं, "तुझं काम काय?"

"अना तब्बाख."

"आज काय केलंयस?"

"अना तब्बाख."

"ह्यात मसाला कोणता घातलास?"

"अना तब्बाख," दाजी म्हणाला, पण ह्या वेळी त्याचं लक्ष इन्स्पेक्टरकडे नव्हतंच. बाकाचा एक पाय आखूड होता. इन्स्पेक्टर हलला की 'टक' व्हायचं. जरा पुढे वाकला, टक. मागे रेलला, टक. प्रत्येक 'टक'ला दाजीच्या चेहऱ्यावर कोणीतरी चिमटा काढल्यासारखं होत होतं.

इस्माईलभाई मराठीत पुटपुटले, "दाजी, त्या बाकड्याकडं बघू नकोस. अल्लाची शपथ आहे तुला!"

इन्स्पेक्टरने पाय बदलला. टक.

दाजी खाली बसला. एक डोळा मिटून त्याने बाकाचा पाय न्याहाळला. कानावरची पेन्सिल काढली. पेन्सिल! एवढी तयारी केली आणि ती राहिलीच होती! पायावर खूण केली, कोपऱ्यातल्या खोक्याची एक ढलपी मोडून पायाखाली सारली आणि पळीच्या दांड्याने दोन नाजूक ठोके दिले. मग बाक हलवून पाहिला. बाक हलला नाही.

मेसमध्ये कालवणाचा रटरट आवाज तेवढा येत होता. गोखल्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दाजी उठून सरळ उभा राहिला. पेन्सिल कानावर ठेवली.

"अना तब्बाख," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरने पेन्सिलकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. मग ताट मागितलं. कालवण-भात पोटभर जेवला, दोनदा वाढून घेतलं. हात धुऊन आल्यावर दाजीच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि निघून गेला.

दाजी बाकावर बसला आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडला. "धाकट्या चेडवाचाय लगीन होतला," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी दुपारी आम्ही जेवत होतो, तर इमारतीखाली एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर वर आला आणि दारातूनच म्हणाला,

"साहेबांनी इथल्या आचाऱ्याला घरी बोलावलंय. करवत घेऊन यायला सांगितलंय."