सेवकरामच्या लग्नाची कॅसेट

गोंदियाजवळच्या कामठ्यात आणि आसपासच्या खेड्यांत १९९७ ते २०१३ या काळात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या व्हिडिओच्या सुरुवातीला गुलाबाचं एक फूल गोल फिरत येतं आणि त्यातून शूटिंगवाल्यांची दोन नावं उमटतात. धनलाल रहांगडाले, सेवकराम बिसेन. ही नावं धनलालनेच टाकलेली. आपलं आधी, सेवकरामचं नंतर.

दोघं एका वर्गातले. दहावीनंतर धनलाल घरच्या साडेतीन एकर धानात राबू लागला आणि सेवकराम गोंदियाला एका फोटो स्टुडिओत लागला. पुढे दोघांनी मिळून खांद्यावर ठेवायचा एक जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि कामठ्यात दुकान टाकलं. कॅमेरा धनलालच्या खांद्यावर असायचा. बाकी सगळं सेवकराम बघायचा. लाईट धरणं, मध्ये येणाऱ्या मामा-काकांना गोड बोलून बाजूला करणं, नवरीला हसवणं, वरबापाकडून पुढच्या लग्नाचा पत्ता काढणं. लोक कौतुक करायचे ते शूटिंगचं, आणि शूटिंग म्हणजे धनलाल. निदान धनलालला तसंच वाटत असे.

२०१३ साली सेवकराम म्हणाला, "चाल गा, गोंदियाले दुकान टाकू. गावात आता काही राह्यलं नाही." धनलालने शेतीचं कारण सांगितलं. सेवकराम एकटाच गेला आणि फुलचूरच्या रस्त्यावर त्याने 'सेवक डिजिटल' उघडलं. सहा वर्षांत त्याच्याकडे ड्रोन आला, चार माणसं आली, लग्नाआधी नवरा-नवरीला हाजरा फॉलच्या धबधब्यावर नेऊन काढायचे सिनेमासारखे व्हिडिओ आले. धनलालचं कामठ्यातलं दुकान त्याच सहा वर्षांत बंद पडलं.

त्यांचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, असं धनलालला कधीकधी वाटायचं. रागाला कारण लागतं. इथे कारण नव्हतं, फक्त दुखत होतं. गोंदियाला गेला की तो फुलचूरच्या रस्त्याने जायचा, सेवकरामच्या दुकानासमोरून, पण पलीकडच्या कडेने. दारात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजायचा. बायकोच्या, दुलारीच्या मोबाईलवर तो सेवकरामचे व्हिडिओ बघायचा. कोणती फ्रेम हलली, कुठे नवरीच्या कपाळावर ऊन पडलं, हे हेरायचा, आणि शेवटी नापसंतीचा खाली वळलेला अंगठा दाबून मोबाईल परत द्यायचा. मग दुलारीच्या मोबाईलवर तसलेच व्हिडिओ यायला लागले. ती म्हणायची, "हे लोकांचे लग्न माह्यावरच काऊन येऊन राहिले?"

त्याचा एडिटिंगचा संगणक सपरीत, पडवीच्या कोपऱ्यात, एका चादरीखाली पडून होता. त्याची मुलगी हर्षिता गोंदियाच्या एका खासगी संस्थेत संगणक शिकवते. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत तिने ती चादर काढली. दुकान राईस मिलच्या शेजारी होतं, त्यामुळे संगणकाचा डबा उघडला तेव्हा आतून मूठभर कोंडा निघाला.

"बाबा, हा चालते अजून," ती म्हणाली. "विंडोज ओढत नाही, पण लिनक्स टाकलं का मस्त चालन. याचा सर्व्हर करू घरचा."

"कायले?"

"तुमच्या कॅसेटी आहेत ना पेटीत. सगळ्या याच्यात भरू. मंग टीव्हीवर लावा, मोबाईलवर पाहा. घरात कुठूनही दिसन."

तिने पंखा बदलला, दोन नव्या मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या, संगणक तारेने राउटरला जोडून टीव्हीच्या मागच्या फळीवर ठेवला. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसता घुमणारा डबा. एका डिस्कवर व्हिडिओ, आणि रोज पहाटे त्यांची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर. कॅसेटी भरायचं काम धनलालचं होतं. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही. काहींना बुरशी लागली होती. तो कॅसेट उघडून, कापसाला स्पिरिट लावून, फीत बोटाबोटाने पुसत बसे. संक्रांतीपर्यंत एकशे चाळीस लग्नं टीव्हीवर आली, प्रत्येकावर नवरा-नवरीचा चौकोनी फोटो आणि गावाचं नाव.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका दुपारी यायच्या, स्वतःचं लग्न लावायला सांगायच्या आणि स्वतःला सोडून बाकी सगळ्यांकडे बघायच्या. मनिराम नावाचा शेजारी आपल्या भावाच्या लग्नात आपलंच हरवलेलं घड्याळ कोणाच्या हातात आहे ते बघून गेला. हर्षिता सगळ्यांना पेनड्राईव्हवर नक्कल करून द्यायची. धनलाल खुर्चीत बसून सांगायचा, हा शॉट कसा घेतला, तो कसा घेतला. त्या दोन महिन्यांत तो फुलचूरच्या रस्त्याने एकदाही गेला नाही. फक्त येणाऱ्या प्रत्येकाला जाताना म्हणायचा, "सांगजा सगळ्यांले." सगळ्यांत कोण यावं हे त्याला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, सेवकराम आला. पांढरी गाडी दारात उभी केली आणि बाहेरूनच म्हणाला, "काऊन गा धनलाल, येऊ का अंदर?"

"ये ना. तुले का निमंत्रण लागते?"

दुलारीने चहा दिला. हर्षिताने टीव्ही लावून दाखवला. सेवकरामने रिमोटने दोन-चार लग्नं पुढेमागे केली. "जुगाड मस्त केला," तो म्हणाला. "माह्याकडे असं काहीच नाही. आमी तर सहा महिन्यांत डाटा उडवून टाकतो, जागा पुरत नाही. हे कोणी केलं?"

"हर्षितानं."

"पोरगी हुशार आहे बा." तो तिच्याकडे वळला. "आमच्या दुकानात येशीन का वो? रविवारी आली तरी चालते. आम्हाले असा माणूसच भेटत नाही."

हर्षिता हसली. धनलालने तिचं हसू पाहिलं. तिने दिवाळीपासून इतकं सगळं केलं, पण त्याने एकदाही तिला 'हुशार आहेस' असं म्हटलं नव्हतं, हे त्याला तेव्हाच आठवलं.

मग सेवकराम कामाचं बोलला. त्याच्या मुलीचं, टीनाचं लग्न एप्रिलमध्ये होतं. हळदीच्या दिवशी आई-बापाच्या लग्नाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचा, असा तिचा हट्ट होता. त्याच्याकडची कॅसेट घर बदलताना गेली होती आणि बायकोच्या, भूमेश्वरीच्या माहेरची उंदरांनी खाल्ली होती. "दुनियेचे लग्न काढले, अन् माहंच नाही माह्याजवळ. भूमेश्वरी रोज टोमणे मारते. दोन हजार एक, मे महिना. तूच काढलं होतं."

त्या एका लग्नात कॅमेरा धनलालकडे होता आणि सोबत कोणी नव्हतं, कारण भागीदार नवरदेव होता.

ती कॅसेट धनलालने संक्रांतीच्या आधीच भरली होती. तो म्हणाला, "त्या कॅसेटीले बुरशी लागली होती. लय घासलं. नाही निघाली."

हर्षिताला संशय आला नाही. कोणती कॅसेट निघाली, कोणती नाही, हे तिला माहीत नसायचं. सेवकरामने उरलेला चहा संपवला. "जाऊ दे मंग," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हर्षिता कामावर गेल्यावर धनलालने तिच्या जुन्या लॅपटॉपवरून सर्व्हर उघडला. 'सेवकराम - भूमेश्वरी, बिरसोला' या फाईलवर जाऊन ती काढून टाकली. नक्की काढायची का, असं मशीनने विचारलं. धनलालने हो दाबलं. मग त्याने कॅसेट घेतली, तिची फीत ओढून बाहेर काढली आणि चुलीत घातली. ती जळताना फार वाईट वास आला. त्याला वाटलं होतं, बरं वाटेल. दुपारी तो जेवलाही नेहमीसारखा. पण संध्याकाळी टीव्हीवर लग्नांचे चौकोन आले तेव्हा त्याने ते बघायचं टाळलं आणि बातम्या लावल्या.

तीन आठवड्यांनी भूमेश्वरीचा फोन दुलारीला आला. धनलाल बाजूलाच धानाची पोती शिवत होता.

"दुलारीबाई, दादाले म्हणा ना एकदा आणखी पाहायले," ती म्हणत होती. "दुसरं काही नाही पाहिजे. माह्या बापानं मले गाडीत बसवलं, तेवढंच पाहिजे. मी तर तेव्हा मान खाली घालून होती. त्याचं तोंड पाह्यलंच नाही मी."

"सांगतो," दुलारी म्हणाली. फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मी पाह्यला ना तो व्हिडिओ. तुम्ही भरून राहिले होते तवा. मी हिरव्या लुगड्यात होती, हातात परात."

धनलाल सुई ओवत राहिला.

"बुरशी कवा लागली त्याले?"

"दुलारी, तू तुहं काम पाय."

तिने वाद घातला नाही. त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि ती समोर बसली नाही असं एकदाही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही बसली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हर्षिता बस पकडायला निघाली तेव्हा तो दाराशी आला.

"एक फाईल उडाली माह्याकडून. चुकून."

"कोणती?"

त्याने सांगितलं. चुकून फाईल उडत नाही, मशीन विचारतं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. पण ती तसं बोलली नाही. "कवाची गोष्ट?"

"सेवकराम आला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

तिने बोटांवर मोजलं. "दुसऱ्या डिस्कवरून लगेच जात नाही ते. उडवलेलं तीस दिवस राहते. आज चोविसावा आहे. काढून देऊ?"

"थांब," तो म्हणाला.

"सहा दिवस आहेत बाबा. मंग मलेही नाही काढता येणार." ती गेली.

तो एक दिवस थांबला. सहा दिवस गप्प बसलं तर प्रश्न आपोआप मिटेल, कोणाला काही करावं लागणार नाही, हा विचार त्याला दिवसभर सुटला नाही. आणि त्या विचाराने बरं वाटतंय हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी त्याने हर्षिताला फाईल परत आणायला सांगितली. म्हणाला, द्यायची की नाही ते नंतर, आधी मला बघू दे.

कॅसेट भरताना त्याने फीत धड फिरते की नाही एवढंच बघितलं होतं. आता घरात कोणी नसताना त्याने पूर्ण व्हिडिओ बघितला. गुलाब आला, नावं आली. मग मांडव. आणि मांडव अंधारा होता. नवरीच्या चेहऱ्यावर अर्धा उजेड, अर्धी सावली. मंगलाष्टकांच्या वेळी एका पाहुण्याची पाठ कॅमेऱ्यासमोर आली आणि दोन मिनिटं तिथून हललीच नाही. कोणी त्याला बाजूला केलं नाही. नवरदेव मांडवातून हाताने खुणा करत होता, डावीकडे सरक, डावीकडे. धनलाल सरकला नव्हता. नवरदेवाच्या खुणा कोण बघतं?

त्याने थांबवून दुसरं लग्न लावलं, त्याच वर्षातलं. स्वच्छ, उजळ, माणसं दोन बाजूंना उभी. तिसरं लावलं. तेही तसंच. त्याने सलग सात लग्नं लावून पाहिली; बाकीची येणाऱ्या-जाणाऱ्यांसोबत पाहिलीच होती. एकशे चाळीस लग्नांत एकच वाईट होतं आणि ते एकट्या धनलालने काढलेलं होतं.

ही गोष्ट कळल्यावर फाईल द्यायची इच्छा आणखी कमी झाली. पूर्वी सेवकरामला काही मिळू नये असं वाटत होतं, आता त्याला काही दिसू नये असं वाटू लागलं. तरी त्याने तो व्हिडिओ शेवटपर्यंत नेला. शेवटी गाडी होती. भूमेश्वरीचा बाप दाराला धरून उभा होता, आणि तिथे मात्र उजेड बरा होता, कारण सूर्य अजून मावळायचा होता. म्हातारा रडत नव्हता. तो मुलीच्या पदराचं दारात अडकलेलं टोक सोडवत होता, फार सावकाश, ते सुटू नये असं वाटत असल्यासारखा.

सोमवारी धनलाल पेनड्राईव्ह घेऊन फुलचूरला गेला. या वेळी दुकानाच्या कडेने. सेवकराम काउंटरवर होता, भूमेश्वरी आत डबा घेऊन आली होती.

"निघाली का?" सेवकरामने विचारलं.

"खराब नव्हती झाली," धनलाल म्हणाला. "मी खोटं बोललो. अन् मंग उडवून टाकली, कॅसेट जाळली. पोरीनं परत आणली."

सेवकरामने पेनड्राईव्ह हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. दुकानातली दोन माणसं काम करायची थांबली. "काऊन गा?" त्याने हळू विचारलं.

"तुह्या दारात गाड्या लय असतात," धनलाल म्हणाला.

सेवकरामने मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ लावला. भूमेश्वरी उभ्यानेच बघत होती. गाडीचं दृश्य आलं तेव्हा ती स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की बाकीच्यांना काही दिसेना, आणि कोणीही तिला बाजूला व्हायला सांगितलं नाही. तिने ते तीनदा लावायला लावलं.

नंतर सेवकराम म्हणाला, "लाईट लय कमी पडला गा तुले."

"धरायले कोणी नव्हतं," धनलाल म्हणाला. "तू मांडवात होता."

टीनाच्या हळदीला धनलाल आणि दुलारी गेले. सेवकराम नीट बोलला, पण पूर्वीसारखा गळ्यात हात टाकला नाही, आणि धनलालनेही तशी अपेक्षा ठेवली नाही. आता हर्षिता दर रविवारी सेवक डिजिटलमध्ये जाते. तिथे तिने एका टाकून दिलेल्या संगणकाचा तसाच सर्व्हर केला आहे, यापुढची लग्नं उडवायची नाहीत म्हणून. धनलाल तिला मोटरसायकलवर सोडतो. संध्याकाळी ती परत आली की तो विचारतो, आज किती लग्नं भरली. ती आकडा सांगते. आकडा दर आठवड्याला वाढतो. त्या रात्री धनलाल एक पोळी कमी खातो, आणि समोर बसलेली दुलारी ती न विचारता परत डब्यात ठेवते.