मिठाच्या भांड्यावरचं नाव

आसगावच्या रुचिताला लई गर्व आहे, असं लोक म्हणतात. आहेच! आणि का नसावा? पवनीच्या रस्त्यावर सोमाजीकाकांचा कारखाना आहे, धान कापायच्या यंत्रांची पाती कडक करायचा. तिथली मिठाची भट्टी ती एकटी सांभाळते. हे मीठ भाजीतलं नव्हे हो. भांड्यात ते वितळून पाण्यासारखं पातळ आणि लालभडक झालेलं असतं, त्यात पाती बुडवून तापवायची. एक थेंब उडाला तर हाडाला भिडतो.

ही भांडी आधी नागपूरहून विकत यायची. रुचिता आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेली. ती म्हणाली, "काका, निकेल-क्रोमचा पत्रा आणून द्या. भांडं मी बनवते."

भांडं झालं, झकास झालं. भंडाऱ्याकडची पोर ती, लग्नात पाणी भरायला दिलेल्या पितळेच्या गुंडावरही देणाऱ्याचं नाव कोरलेलं बघत वाढलेली. तिनं विचारलं, "नाव टाकू का यावर?"

काका हसले. "आधी टिकू दे वो बाई! नागपूरच्या भांड्यानं दोन हंगाम काढले. तुह्यानं तीन काढले तं मीच कासारापाशी जाऊन नाव कोरून आणतो."

शर्त लागली. दोन हंगाम सुखात गेले. तिसराही सरत आला. घरी आई, बायजाबाई, रोज विचारायची, "लागलं का वो नाव?"

आणि एका सकाळी मिठाची पातळी खाली गेलेली दिसली. रुचितानं मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गळती म्हणावी तर खालच्या विटा स्वच्छ. मग तिच्या ध्यानात आलं. भांडं फुगून त्याला पोट येत होतं, म्हणून मीठ खाली उतरत होतं. दिवसरात्र तापलेला धातू मिठाच्या भारानं हळूहळू ताणला जातो, आणि मीठ आतून त्यातलं क्रोम खात बसतं, लाकडाला उधई लागते तसं. वरून ठणठणीत, आतून पोकळ. फुटलं असतं तर ते लाल मीठ थेट पाती लटकवणाऱ्या पोराच्या, अंकुशच्या, पायांवर आलं असतं.

अजून कोणाला काही दिसलं नव्हतं. आठवडा गप्प बसली असती, तर नाव लागलं असतं. आणि खोटं कशाला बोला, ते नाव तिला हवं होतं, जीव तुटत होता त्यासाठी.

"काका, मीठ उपसते. भट्टी बंद!"

"काहून? येडी झाली का? गिऱ्हाईक बाहेर उभं हाये!"

"भांड्याले पोट आलं. शर्त हरली मी. अंकुश, तू सरक तिकडं."

लांब पळ्यांनी मीठ उपसून कोरड्या साच्यांत ओतलं. भांडं गार झाल्यावर उचलून कापलं. फुगलेल्या जागी छिन्नी टेकवली, तर पत्रा कडकन तुटला. काका तुटलेल्या कडेकडे बघत राहिले, मग अंकुशच्या पायांकडे. गिऱ्हाईक तर गेलंच होतं. काकांनी पुढचे काही दिवस तोंड फुगवलं, रुचितानंही.

मग नवा पत्रा आला. सोबत भांड्याच्या काठाला लावायची पट्टी, तिला पोतं गुंडाळलेलं. तिनं सोडलं. कासाराच्या हातची वळणदार अक्षरं होती: रुचिता.

"काका, मी तं हरली होती ना?"

"भांडं हरलं. तू कायले हरशील?"

तिचे डोळे भरले. पण गर्विष्ठ ती, तसं दाखवते थोडीच! तिनं पट्टी उलटसुलट करून बघितली.

"नाव बाहेरच्या अंगाले हाये ना? आतून असलं तं मीठ खाऊन टाकते."

"बाहेरच हाये, माय! तेवढी अक्कल हाये मले."

"बरं मग," ती म्हणाली, आणि आईला फोन लावला.