फाळका काढायचा राहिला

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकहून निघायलाच दुपार झाली, ती एका फाळक्यापायी. आमच्या पिकअपच्या हौद्यात मित्राचा कॅम्पर (हौद्यात बसवायची छोटी खोली) चढवला होता. गाडीचा मागचा फाळका काढून घरी ठेवावा, की आडवा पाडून तसाच न्यावा, यावर माझा नवरा विनय आणि सासूबाई दोघेही हटून बसले होते.

"आई, काढलेला बरा. वजन वाचतं, खडखड नाही. आणि पाडून ठेवला तर त्यावरचा रिव्हर्सिंग कॅमेरा नुसती जमीन दाखवणार."

"दाखवू दे. तुझ्या त्या डब्यात मला पाय सोडून बसायला जागा कुठे आहे?"

झालं! फाळका आडवाच राहिला; त्यावरची नंबरप्लेट दिसेना म्हणून विनयने कॅम्परच्या पाठीला जादा नंबरप्लेट लावली आणि आम्ही वेल्सची वाट धरली.

सहल नावाला होती. नाशिकला एकट्या राहणाऱ्या आई घरात कुणाशी तरी बोलत बसतात, असं नणंदेने कळवलं होतं, म्हणून त्यांना काही दिवस आमच्याकडे बोलावलं होतं. त्यांना त्यांच्या घरी परत पाठवायचं की वृद्धाश्रमात ठेवायचं, ते आम्ही त्यांना जवळून पाहून ठरवायचं होतं. थोडक्यात, मी सासूवर पाळत ठेवायला निघाले होते, आणि त्याची मला लाज वाटत होती.

संध्याकाळी एका शेतावरच्या दुकानात ‘बारा ब्रिथ’ नावाचा, चहात भिजवलेल्या मनुकांचा वेल्श पाव घेतला. दुकानातल्या बाई गाडीकडे बघून म्हणाल्या, "फाळका काढला नाहीत?"

"सासूबाईंना बसायला लागतो."

"मग असू दे," त्या हसल्या.

दुसऱ्या सकाळी डोंगरात दाट धुकं उतरलं. तलावाकाठच्या ले-बायमध्ये (रस्त्याकडेचा थांबा) आम्ही चहा केला. मेंढ्या दिसत नव्हत्या, पण त्यांचं खोकणं ऐकू येत होतं, अगदी म्हाताऱ्या माणसासारखं. मला तिथे मुळीच थांबवेना. आवरून आम्ही दोघं पुढे बसलो. मागच्या सीटवर आईंची शाल फुगलेली दिसली, त्या झोपल्यात असं धरून विनयने रिव्हर्स टाकला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओलं गवत आलं. त्यावर चार पाय लोंबकळत होते. दोन आईंचे, पांढऱ्या बुटातले, वर साडीचा काठ. शेजारचे दोन अनवाणी होते आणि त्यांवरून पाणी ठिबकत होतं.

विनयने करकचून ब्रेक दाबला. आम्ही धावत मागे गेलो. फाळक्यावर आई एकट्याच बसल्या होत्या, बाजूला दोन कप.

"अरे हळू! चहा सांडला असता."

"आई, कोण होतं इथे?" विनयने फाळक्याखाली वाकून पाहिलं.

"एक बाई. थंडीत उभ्या होत्या बिचाऱ्या. दाराशी आलेल्याला कुणी उभं ठेवतं का? म्हटलं, बसा. भाषा कळेना, पण ऐकत होत्या छान."

"गेल्या कुठे?"

आईंनी धुक्याकडे हात केला. तिकडे कुंपणाची तार होती आणि पलीकडे नुसतं पाणी. मी दुसरा कप उचलला. तो रिकामा होता, आणि त्याच्या शेजारी फाळका माणूसभर ओला होता. मी कप तिथेच ठेवून मागे सरले. आई मात्र पदर झटकून उठल्या आणि पाव उरलाय का म्हणून विचारू लागल्या.

परतीच्या वाटेवर विनय सारखा आरशातून मागच्या सीटकडे बघत होता. आई मागे शांत झोपल्या होत्या.

घरी पोचतो तोच नणंदेचा फोन.

"दादा, बोलली का रे आई कुणाशी?"

विनयने माझ्याकडे पाहिलं. "छे! ठणठणीत आहे ती. तिच्या घरी राहू दे तिला."

आई खुशीत नाशिकला गेल्या. त्यांना भास होतात म्हणावं, तर ते पाय आम्हीही पाहिले होते. त्या खोट्याचं मला वाईट वाटत नाही. पण भास नव्हताच, तर नाशिकच्या त्या घरात आई बोलतात ते कुणाशी? आणि आम्ही त्यांना तिथेच एकटं पाठवून दिलं.