धुआँचे बूट

कुसुम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची. आधी पायांकडे. दारात कुणीही येवो, नळवाला येवो की नात्यातला, तिची नजर पहिल्यांदा खाली जायची. मी तिला बघायला गेलो तेव्हाही तेच. मी नवा सदरा घालून, केसांना तेल लावून ताठ बसलेलो, आणि ही माझ्या पायांकडे बघतेय. मग आतल्या खोलीत जाऊन आईला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "डेपोतून थेट आलेत. पाय धुतलेत, पण नखातलं ग्रीस राहिलंय. चालतील. कामाचे आहेत."

मी बसच्या डेपोत टायरचं काम करायचो. शिक्षण चौथी. ती मॅट्रिक झालेली, आणि वाचायचं वेड. आम्ही काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहायला आलो. मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग ते सोडून दिलं. त्यानंतर तिनं पुढच्या खोलीत कॉमिक्सचं वाचनालय काढलं. स्टेशनवरच्या स्टॉलचा न खपलेला माल, रद्दीवाल्याकडचे गठ्ठे, सगळं हिंदी. गल्लीतली पोरं घेऊन जायची, वाचून आणून द्यायची. भाडं नावापुरतं. खरं भाडं वेगळं होतं.

खरं भाडं म्हणजे मत. खोलीत एक लाकडी स्टूल होतं. पुस्तक परत करणाऱ्यानं त्याच्यावर बसायचं आणि काय वाटलं ते सांगायचं. त्याशिवाय पुस्तक कपाटात जायचं नाही आणि दुसरं मिळायचं नाही. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "मत दे, मग पुस्तक ठेव." पोरं सुरुवातीला म्हणायची, "अच्छा था, मौसी." त्यावर ही म्हणायची, "अच्छा था म्हणजे मत नाही रे, तो जेवण झाल्यावरचा ढेकर आहे. काय अच्छा होतं ते बोल."

दुसरं वाक्य असं, की "चित्र आधी बघ, फुगा नंतर वाच." फुगा म्हणजे तोंडातून निघालेलं बोलणं ज्यात लिहितात तो. तिचं म्हणणं, फुग्यातला माणूस खोटं बोलू शकतो, पण त्याचे हातपाय चित्रात काढणारा एवढ्या चटकन खोटं काढू शकत नाही.

मला या सगळ्याची गंमत वाटायची, पण मी कधी कॉमिक उघडलं नाही. कामावरून यायचो, खोलीत पोरं भांडत असायची, मी चहा घेऊन मागं जाऊन बसायचो. कधी तरी ती हाक मारायची, "अहो, तुमचं मत काय?" मी म्हणायचो, "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणायची, "कळायला कशाला लागतंय? डोळे आहेत ना?"

सगळ्यात जास्त भांडण एका मालिकेवरून व्हायचं. तिचं नाव 'बेनाम टोली'. सरकारची पाच गुप्त माणसं, प्रत्येकाच्या अंगात एक अचाट शक्ती. एक भिंतीतून जाणारा. एक बाई कुणाचाही आवाज काढणारी. आणि एक धूर होणारा, त्याचं नाव धुआँ. ही पाच जणं शत्रूच्या घरात शिरून गुपितं काढून आणायची. पोरांचा जीव या टोलीवर. मग एका अंकात धुआँ पहाटे अड्डा सोडून निघून जातो, आणि पुढच्याच अंकात शत्रूला अड्ड्याचा पत्ता लागतो. टोलीतली दोघं पकडली जातात. आता धुआँनं फितुरी केली की नाही? ते सांगायच्या आधीच छापणाऱ्यांचा धंदा बसला. मालिका तिथंच तुटली.

सगळ्या गल्लीनं धुआँला फितूर ठरवलं. एकटी कुसुम नाही म्हणाली. तिचा पुरावा काय, तर बूट. धुआँ जातो त्या चित्रात उंबऱ्याच्या बाहेर त्याचे बूट दिसतात. ती म्हणायची, "पळून जाणारा माणूस बूट ठेवून जातो का? तो परत येणार होता. वाटेत काहीतरी घडलंय."

फरीद नावाचा एक पोरगा होता, लोहाराचा. तोंडाचा फाटका. तो स्टुलावर उकिडवा बसून म्हणायचा, "मौसी, उनो धुआँ बन के गया. बूटां धुआँ कैसे बनते? बूटां तो चमड़े के रहते!"

"काइकू नहीं बनते मियाँ? पिछली किताब में बूटां पहन के धुआँ हुआ ना? तब क्या पुट्ठे के थे?" ही लगेच मागचा अंक काढून त्याच्या नाकासमोर धरायची. मराठी बाई, पण दखनी बोलायला लागली की चारमिनारच्या बांगडीवाल्यानं गप्प बसावं.

वेणू म्हणून एक तेलुगू पोरगा तारनाक्याहून सायकल मारत यायचा. शांत. तो म्हणायचा, "मावशी, मला वाटतं तो फितूरच आहे. चांगली माणसंपण असतात ना फितूर?" कुसुम त्याच्याकडे बघत राहायची. म्हणायची, "असतात बाबा. पण हा नाही." हेच भांडण पोरं मोठी होईपर्यंत चाललं. फरीदनं एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं, वेणू कंप्युटरच्या कंपनीत लागला, त्याचे केस पांढरे व्हायला लागले. दसऱ्याला, ईदला दोघं यायचे आणि दारातच विचारायचे, "क्या मौसी, अभी भी नहीं मानते?" ती म्हणायची, "नक्को. नहीं मानती."

नंतर लोकांनी कॉमिक्स वाचणं सोडलं. खोली रिकामी झाली. कुसुमला साखर होती, ती आधी मूत्रपिंडावर गेली, मग डोळ्यांवर. आधी फुगे दिसेनात, मग चित्रं. माणूस दारात आला की सवयीनं मान खाली जायची, पण पाय दिसायचे नाहीत. ते मला बघवायचं नाही.

अशात एक दिवस वेणू जाडजूड पुस्तक घेऊन आला. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. म्हणाला, "मावशी, बेनाम टोली सगळी एकत्र छापलीय. आणि शेवटची गोष्ट नवीन आहे. कुणालाच माहीत नाही. मी वाचली नाही. आधी तुम्ही." तिनं प्लास्टिक काढून पुस्तकावरून हात फिरवला, वास घेतला, आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आता तुमची पाळी."

मी बोट ठेवून वाचणारा माणूस. हिंदी तर त्याहून हळू. पण वाचायला बसलो. रोज दुपारी, तिचं जेवण झाल्यावर.

"माणूस उभा आहे," मी सांगायचो.

"कसा उभा आहे?"

"दोन पायांवर."

"अहो, तुमचं डोकं! हात कुठं आहेत? कुणाकडे बघतोय? मागं काय आहे?"

मग मी परत बघायचो. तेव्हा दिसायचं की त्याचा एक हात पाठीमागं आहे आणि त्यात चावी आहे. "चावी आहे गं," मी म्हणायचो. ती म्हणायची, "बघा. आणि म्हणे मला काय कळतंय." इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. तिचं दुखणं, औषधं, डायलिसिसच्या फेऱ्या चालूच होत्या, पण दुपारची मी वाट बघायला लागलो. खरं सांगतो, मला टोली आवडायला लागली.

वाचत वाचत आम्ही त्या चित्रापाशी आलो. ती उशीवर सरसावून बसली. "बूट आहेत ना? नव्या छपाईत पुसले तर नाहीत मेल्यांनी?"

"आहेत."

"कुठं?"

"उंबऱ्याच्या बाहेर. डावा जरा तिरका आहे."

"डावा तिरका," ती म्हणाली आणि हसली. "तिरकाच होता. उद्या शेवटची गोष्ट."

उद्या झाली नाही. सकाळी तिला दम लागला. स्ट्रेचरवरून खाली नेलं, गाडीत घातलं. दवाखान्यात नाकावर नळी असताना तिनं माझा हात ओढला आणि म्हणाली, "शेवट एकट्यानं वाचू नका हं. मला येऊ द्या." मी हो म्हणालो. ती आली नाही. म्हणजे आणली, पण ते येणं नव्हे.

मी पुस्तक उघडलं नाही. हो म्हणालो होतो.

माझी थोरली बहीण गोदाक्का नांदेडहून आली होती. तिनं सगळं रीतीनं करून घेतलं. तेराव्याला नवी छत्री, नव्या चपला दान दिल्या. मग ती दारातल्या कुसुमच्या जुन्या चपलांकडे बघून म्हणाली, "अरे, ह्या पण काढून टाक. गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवू नयेत." कुसुमला उचलून नेलं होतं, चपला जिथल्या तिथं राहिल्या होत्या. मी म्हणालो, "राहू दे आत्ता."

दुपारी पंगत उठली आणि फरीद आणि वेणू पुढच्या खोलीत येऊन बसले. दोघं फोटोकडे बघत होते. मग फरीद हळूच म्हणाला, "चाचा, बुरा नक्को मानो. आखिर में क्या हुआ? मौसी सही थे क्या?"

गोदाक्का भडकली. "अरे, आज तेरावं आहे! कॉमिकच्या गोष्टी काय करताय?"

मी म्हणालो, "अक्का, ह्या घरात त्याच गोष्टी झाल्या. होऊ दे." कुसुम एकट्यानं वाचू नका म्हणाली होती. आता मी एकटा नव्हतो. मी पुस्तक आणलं आणि स्टुलावर बसलो. माझ्या घरात, माझ्या जन्मात, त्या स्टुलावर मी पहिल्यांदा बसलो.

बोट ठेवून वाचत गेलो. दोघं माझ्या खांद्यांवरून बघत होते. आणि गोष्टीत आलं, की धुआँ फितूरच होता. पहिल्यापासून विकला गेलेला. शत्रूच्या खोलीत तो नवे कोरे बूट घालून बसलाय आणि त्याच्या फुग्यात लिहिलंय, 'पुराने जूते, पुरानी वफ़ादारी, दोनों छोड़ आया.'

संपलं. फरीदनं तोंड दुसरीकडे फिरवलं. वेणू जिंकला होता. लहानपणापासूनचं भांडण तो जिंकला होता, आणि चष्मा काढून डोळे पुसत होता. म्हणाला, "मी हे पुस्तक आणायलाच नको होतं."

मला वाटलं, बरं झालं हिनं ऐकलं नाही. मग लगेच वाटलं, ऐकलं असतं तर हिनं मानलं असतं का? ही काय म्हणाली असती? चित्र आधी बघा, फुगा नंतर वाचा. मी पानं मागं उलटवली. बुटांच्या चित्रापाशी आलो. तिला सांगताना मी नुसतं पाहिलं होतं की बूट आहेत आणि डावा तिरका आहे. आता वाकून, चष्मा वर करून, नीट पाहिलं.

"वेणू, इकडे बघ. नाड्या बघ."

"काय झालं, काका?"

"नाड्या सोडून आत खोचल्यात. दोन्ही बुटांत. टाकून जायचे बूट आहेत, तर कोण एवढं करतं? डेपोत माझे बूट मी असेच ठेवायचो. परत आल्यावर पाय पटकन जावा, नाडीवर पडू नये, म्हणून."

फरीद पुढं वाकला. बघत राहिला. "हौ चाचा," तो म्हणाला, "अंदर डाल के रखे."

"मग माझं मत असं आहे," मी म्हणालो, "की बुटांचं चित्र काढणाऱ्याला माहीत होतं तो परत येणार आहे. लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. लिहिणारा चुकला. शेवट चुकीचा छापलाय."

वेणू म्हणाला, "काका, पण छापलंय ना."

"छापलं म्हणून काय झालं? नहीं मानता."

फरीद हसला आणि हसता हसता रडायला लागला. एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी. गोदाक्का दारात उभी राहून ऐकत होती. तिला काही कळलं नसावं, पण तिनं आतून तिघांसाठी चहा आणला. मी उठलो आणि पुस्तक कपाटात ठेवलं. मत दिलं होतं, ठेवायचा हक्क होता.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. नाड्यांचं तिला सांगायचं राहिलं. तिला केवढा आनंद झाला असता. हात आपटून म्हणाली असती, "बघा! आणि म्हणे मला काय कळतंय." ती जिवंत असताना मी वाकून बघितलं नाही, आणि बघितलं तेव्हा सांगायला ती नाही. याला काही औषध नाही.

गोदाक्का जाताना परत चपलांचं बोलली. मी म्हणालो, "अक्का, मला ठाऊक आहे ती यायची नाही. मी अडाणी आहे, येडा नाही." मग तिनं तो विषय काढला नाही.

चपला दारातच आहेत. मागचा पट्टा आत दुमडलेला आहे, तिची तशीच सवय होती, पाय सरळ आत जावा म्हणून. सकाळी झाडताना मी त्या उचलतो, खालची धूळ काढतो आणि होत्या तशा परत ठेवतो. डावी जरा तिरकी.