शिरगावचा दयाळ आणि निळं फुलपाखरू

पालघरला गाडीतून उतरले तेव्हा दादा फलाटावर उभा होता. ऐंशीच्या दशकातला तो चैत्र. माझा हा थोरला भाऊ बोईसरच्या एका कारखान्यात होता आणि दोन वर्षं साताऱ्याला घरी फिरकला नव्हता. त्याला बघून यायला आईने मला धाडलं होतं.

आधी सातपाटीला गेलो. बोंबील वाळत होते, होड्या ओहोटीत कलंडल्या होत्या आणि समुद्र इतका दूर गेला होता, की तो असल्याचं नुसतं ऐकीव वाटावं. दादा फारसं बोलत नव्हता. काही विचारलं की हसायचा.

दुपारी शिरगावचा किल्ला पाहून एका वाडीत (नारळ-पोफळीच्या बागेत) पाणी मागितलं. वाडीतल्या म्हाताऱ्या बाईंनी ताडगोळे सोलून दिले. तेवढ्यात आंब्याच्या शेंड्यावर दयाळ पक्षी गाऊ लागला. लहानपणी आम्ही दोघं त्याला शीळ घालायचो. मी दादाकडे वळले. तो ओल्या मातीवरचं मोठं काळं फुलपाखरू बघण्यात गढला होता. त्याच्या पंखांवर निळाई पसरली होती.

बाई मला हळूच म्हणाल्या, “बाय, भावाला तुज्या आयकू येत नाय काय?”

मी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाकडे बोट केलं. मग त्याने सांगितलं. यंत्रांच्या घरघरीत कान गेले होते. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग बायकांचे आवाज.

“आईचं ऐकू येत नाही, हे तिलाच कसं सांगू?”

मी वर पाहत होते. ते बघून त्याने विचारलं, “दयाळ आहे? कसा गातोय?”

काय सांगणार? दयाळ आणि फुलपाखरू, दोघंही काळे, एकावर पांढरा पट्टा, दुसऱ्यावर निळा. पण एक सगळा गळाच, दुसरं जन्माचं मुकं. इतक्यात फुलपाखरू उडालं. वर चढलं, मधेच थबकलं, घसरून पुन्हा उचललं गेलं. दयाळाची शीळ अगदी तशीच चालली होती. मी फुलपाखराकडे बोट केलं आणि ते जाईल तसं फिरवत राहिले.

दादा पंखांवरची नजर न काढता शीळ घालू लागला. सूर जरा चुकला. आंब्यावरून उत्तर आलं.

“दिलं त्याने?”

मी मान डोलावली.

पाखरू ऐकायचं आणि फुलपाखरू पाहायचं, असं मी तोवर समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी परतताना दादा सोबत आला. घरी आई भरभरून बोलू लागली. त्याची नजर आपल्या ओठांवर खिळलेली दिसली तशी ती थांबली आणि मग एकेक शब्द सावकाश बोलू लागली.